बुलेटचा ब्रीदर पाइप तेल का ओकतो?

प्रश्न : वडिलांची जुनी, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५० माझ्याकडे आली आहे. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच ती बाहेर काढतो. दर वेळी सुरू केली की ब्रीदर पाइपातून तेल उडते. फरशी खराब होते, मागच्या टायरवरही शिंतोडे येतात. निघण्यापूर्वी पट्टी पाहावी तर तेल कमी दिसते, म्हणून मी भरत राहतो. एक मेकॅनिक म्हणतो, ‘पाइपात बोल्ट मारून टाका.’ दुसरा म्हणतो, ‘रिंगा गेल्या, इंजिन उघडावे लागेल.’ मित्र म्हणतो, ‘पाइपाच्या तोंडाला छोटा फिल्टर लाव, रेसिंगवाले लावतात.’ कोणाचे ऐकू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पहिला सल्ला घातक, दुसरा घाईचा आणि तिसरा निरुपयोगी आहे. खरे उत्तर तुमच्याच एका वाक्यात दडले आहे : ‘तेल कमी दिसते, म्हणून मी भरत राहतो.’ पण तिथवर पोहोचण्याआधी हा पाइप इंजिनाला दिला कशासाठी, ते पाहू.

पिस्टनच्या वर काय चालते, याची चर्चा सगळे करतात. पेट्रोल, ठिणगी, स्फोट, सगळे तिथेच. पिस्टनच्या खाली काय होते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. तुमच्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. त्यातून ३४६ सीसी हा आकडा येतो. पिस्टन खाली उतरतो तेव्हा वरची जागा ३४६ सीसीने वाढते आणि खालची, म्हणजे क्रँककेसमधली जागा तेवढ्यानेच कमी होते. तिथली हवा दाबली जाते. पिस्टन वर गेला की तीच जागा पुन्हा वाढते आणि खाली ओढ निर्माण होते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे सेकंदाला ५० वेळा घडते. पाइप नुसता उघडा ठेवला, तर सेकंदाला सुमारे १७ लिटर हवा बाहेर ढकलली जाईल आणि तेवढीच आत ओढली जाईल, असा हा हिशेब आहे.

चार सिलिंडरच्या नेहमीच्या इंजिनात दोन पिस्टन खाली येतात तेव्हा दोन वर जातात. खालची हवा या खणातून त्या खणात सरकते आणि एकूण जागा जवळपास तेवढीच राहते. एकच मोठा पिस्टन असलेल्या इंजिनाला ही सोय नाही. ब्रीदरच्या तक्रारी बुलेटवाल्यांकडून जास्त ऐकू येतात, त्यामागे हेही एक कारण आहे. सगळा दोष कारखान्याचा नाही.

आता दुसरी गोष्ट. पिस्टनभोवतीच्या रिंगा अखंड कड्या नसतात. बसवता याव्यात आणि तापल्यावर फुगायला वाव मिळावा, म्हणून त्यांच्या टोकांत बारीक फट ठेवलेली असते. स्फोटाच्या वेळी वर प्रचंड दाब असतो, त्यामुळे थोडा वायू त्या फटींतून खाली निसटतो. हे कोऱ्या इंजिनातही होते, झिजलेल्या इंजिनात जास्त होते. या वायूत धुराबरोबर न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफही असते. एकदा खाली आला की त्याला बाहेर पडायला ब्रीदरशिवाय वाट नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे तेल. क्रँककेसमध्ये फिरणारी जड फ्लायव्हील आणि बिग एंडच्या बेअरिंगमधून उडणारे तेल यांमुळे आत सतत तेलाचे धुके असते. ते हवेच, कारण त्यानेच सिलिंडरच्या भिंती ओल्या राहतात. पण बाहेर धावणारी हवा या धुक्यातले थेंब सोबत ओढून नेते.

म्हणजे ब्रीदरच्या तोंडाशी तिघे एकत्र येतात : ढकललेली हवा, रिंगांतून निसटलेला वायू आणि तेलाचे थेंब. पहिल्या दोघांना जाऊ द्यायचे आणि तिसऱ्याला आत ठेवायचे, शिवाय बाहेरची धूळ किंवा पाणी आत येऊ द्यायचे नाही, एवढेच या पाइपाचे काम. कोणताही उपाय याच कसोटीवर घासून पाहावा.

बोल्टचा उपाय तिथेच नापास होतो. बोल्ट मारणे म्हणजे कुकरची शिटी तारेने बांधून टाकणे. रिंगांतून निसटणारा वायू थांबत नाही. तो आत साठत जातो आणि दाब वाढवतो. ऑइल सीलची ओठासारखी रबरी कड तेल अडवण्यासाठी असते, दाब सोसण्यासाठी नव्हे. त्यामुळे क्रँकचे ऑइल सील, सिलिंडरखालचे गॅस्केट, टॅपेटचे झाकण अशा कमकुवत जागा एकेक करून हार मानतात. आधी एका पाइपातून पडणारे तेल मग चार जागांहून झिरपू लागते. त्या गळतीवर नवी गॅस्केटे बसवत राहणारे बरेच लोक आहेत. पाइप बंद आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

मग चांगली व्यवस्था कोणती? हवा बाहेर जावी पण परत येऊ नये, अशी एकमार्गी झडप. जुन्या बुलेटच्या ब्रीदरला पुढचे टोक चपटे मिटलेली एक साधी रबरी नळी असते. आतून दाब आला की तिचे ओठ उघडतात, ओढ आली की मिटतात. काही फेऱ्यांतच क्रँककेसमधली जास्तीची हवा निघून जाते. मग सतरा लिटरची ती ये-जा उरत नाही. रिंगांतून जेवढा वायू निसटेल, साधारण तेवढाच बाहेर पडतो. वाहणारी हवा कमी झाली की तिच्यासोबत जाणारे तेलही कमी होते. शिवाय आत किंचित ओढ राहिल्यामुळे सांध्यांतून तेल बाहेर झिरपण्याची प्रवृत्ती घटते. एवढे मोठे काम करणारा हा रबराचा तुकडा स्वस्त असतो, आणि स्वस्त असल्यामुळेच बहुधा वर्षानुवर्षे बदलला जात नाही. उष्णता आणि तेल यांनी तो कडक होतो, चिरतो, कधी चिकटून बसतो.

तो शाबूत आहे की नाही, हे घरी पाहता येते. ब्रीदरचा पाइप डब्याला किंवा एअर फिल्टरला जोडलेला असेल तर तेवढे टोक सोडवा. इंजिन मंद चालू ठेवून पाइपाच्या तोंडासमोर पातळ प्लास्टिकची पट्टी सैलसर धरा. पट्टी नुसती बाहेर ढकलली जात असेल तर झडप ठीक आहे. आळीपाळीने बाहेर ढकलली आणि आत ओढली जात असेल, तर झडप गेली. काही जण पाइपाचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून बुडबुडे पाहतात. ते करू नका. झडप खराब असेल तर इंजिन ते पाणी सरळ आत ओढून घेईल.

आता तुमच्या वाक्याकडे येऊ. जुन्या बुलेटमध्ये तेलाचा साठा क्रँककेसच्याच ओतकामात, पण वेगळ्या कप्प्यात असतो. एक पंप तिथून तेल उचलून बेअरिंगांना देतो. काम करून खाली गळलेले तेल दुसरा पंप परत कप्प्यात पोहोचवतो. हा परतीचा पंप मुद्दाम जास्त क्षमतेचा ठेवलेला असतो, त्यामुळे गाडी चालू असताना क्रँककेस जवळजवळ कोरडी राहते. गाडी थांबली की दोन्ही पंप थांबतात. त्यांच्या चकत्या थोड्याही झिजल्या असतील, तर कप्प्यातले तेल वजनाने हळूहळू क्रँककेसमध्ये उतरते. एका रात्रीत फारसा फरक पडत नाही; महिनाभरात बराच पडतो.

तुम्ही महिन्यानंतर पट्टी पाहता ती कप्प्यातली. तिथले तेल कमी झालेले दिसते, पण ते इंजिनातून कुठेही गेलेले नसते. शेजारच्या खोलीत जाऊन बसलेले असते. तुम्ही वरून अर्धा लिटर ओतता. किक मारताच फ्लायव्हील त्या साठलेल्या तेलात घुसळायला लागतात आणि काही भाग ब्रीदरमधून बाहेर उडतो. परतीचा पंप उरलेले तेल कप्प्यात नेऊ पाहतो, तर कप्पा तुम्ही आधीच भरून ठेवलेला! न मावणारे तेल क्रँककेसमध्येच घुटमळते आणि तेही पाइपाची वाट धरते. जास्तीचे सगळे फेकून झाले की गाडी शहाण्यासारखी वागू लागते. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. गाडी तेल खाते असे वाटते. प्रत्यक्षात तुम्ही भरवता आणि ती परत करते.

यावर उपाय सोपा आहे. लांब विश्रांतीनंतर पट्टी पाहून तेल भरू नका. गाडी सुरू करून पाच मिनिटे मंद चालू द्या, रेस पिळू नका. परतीच्या पंपाला तेल उपसायला वेळ मिळू द्या. मग एक छोटी फेरी मारा, सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करा, काही मिनिटे थांबा आणि तेव्हा पट्टी पाहा. साइड स्टँडवरचे माप खरे नसते. तेल वरच्या खुणेला टेकवण्याचा हट्ट नको. जुन्या बुलेटमध्ये ते दोन खुणांच्या मधोमध ठेवले तरी पुरते. ‘इंजिनाला थोडे जास्त तेल असलेले बरे’ हा समज पंगतीतल्या आग्रहासारखा प्रेमळ असला, तरी इंजिनाला झेपत नाही.

गाडी दोन-तीन महिने उभी राहिली असेल, तर सुरू करण्याआधी इंजिनाखालचा क्रँककेसचा ड्रेन बोल्ट काढून साठलेले तेल भांड्यात घ्या. ते स्वच्छ असेल तर तेवढेच कप्प्यात परत ओता. कप्प्याचा बोल्ट वेगळा असतो. कोणता कशाचा, हे मेकॅनिककडून एकदा पाहून ठेवा. दर आठवड्याला लिटरभर तेल खाली उतरत असेल, तर मात्र पंपाच्या चकत्या घासून बसवून घ्यायला हव्यात. ते काम ‘इंजिन उघडण्या’पेक्षा पुष्कळ लहान आहे.

रिंगा गेल्या की नाहीत, हे अंदाजाने ठरवू नये. ब्रीदरमधून थोडा धूर दिसणे स्वाभाविक आहे, हे वर पाहिलेच. गरम इंजिनात, तेलाचे माप बरोबर असताना आणि झडप नवी असतानाही धूर आणि तेल थांबत नसेल, तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा कमी आला, तर प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात. आकडा एकदम वाढला तर गळती रिंगांतून आहे, कारण तेलाने फट तात्पुरती बुजली. वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्हकडे पाहावे लागेल. ही तपासणी करायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. ती न करता कोणी बोअर करायला सांगत असेल, तर नम्रपणे दुसरे गॅरेज शोधा.

राहिला मित्राचा फिल्टर. तो धूळ थोडी अडवेल, पण झडपेचे काम करणार नाही. हवेची ये-जा तशीच राहील आणि फिल्टर चार दिवसांत तेलाने भिजून ठिबकू लागेल. शर्यतीच्या गाड्यांचे उदाहरण देणाऱ्यांना एक सांगा : सर्किटवर ब्रीदरला तेल गोळा करणारा डबा लावणे सक्तीचे असते, कारण एकाच्या तेलावर मागचे सगळे घसरतात. तुमच्या मागच्या टायरवरचे शिंतोडेही म्हणूनच गंभीरपणे घ्या. साबणाच्या पाण्याने टायर धुतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

फिल्टरऐवजी पाइपाची मांडणी सुधारा. पाइप आधी वर चढू द्या आणि मग वळवा. वर चढताना जड थेंब मागे पडून आतच उतरतात. पाइप इंजिनाच्या ब्रीदर तोंडापेक्षा अरुंद नको, रुंद असेल तर उत्तम. व्यास दुप्पट केला की हवेचा वेग चौथाई होतो, आणि सावकाश हवेला थेंब वाहून नेता येत नाहीत. मध्ये कुठेही खाली लोंबकळणारा वळसा ठेवू नका. तिथे पाणी आणि तेल साठून अडथळा होतो. थंडीत लडाखकडे गाडी नेणाऱ्यांनी तर हे नक्की पाहावे, कारण तिथे साठलेले पाणी गोठून पाइप बंद होऊ शकतो आणि परिणाम बोल्टसारखाच होतो. शेवटी एक डबा लावा. त्याला वर हवा जायला स्वतःची वाट हवी, नाहीतर तोही बूचच ठरेल. डब्यात जमलेले तेल इंजिनात परत ओतू नका. त्यात पाणी, पेट्रोल आणि धुरातली आम्ले मिसळलेली असतात.

मूळ पाइप एअर फिल्टरकडे नेलेला असेल, तर तो काढून हवेत सोडू नका. निसटलेला वायू पुन्हा सिलिंडरमध्ये जाळायचा, असा त्यामागचा विचार आहे. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने हैराण झालेल्या कॅलिफोर्नियात १९६१च्या मॉडेलपासून नव्या मोटारींवर ही सोय दिसू लागली. अमेरिकेत १९८०च्या मॉडेलपासून मोटारसायकलींनाही क्रँककेसचा वायू हवेत सोडायला मनाई झाली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून लागू असलेल्या बीएस-६ नियमांतही त्याला परवानगी नाही. जुन्या बुलेटला ते नियम लागत नसले, तरी तो वायू कोणाच्या तरी नाकातच जातो, हे तेव्हाही खरे होते.

प्रश्न : माझ्या आरएक्स १०० ला असा पाइपच नाही. ती बिघडत कशी नाही?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कारण ती टू-स्ट्रोक आहे. बुलेटमध्ये जी दाब-ओढ त्रासदायक ठरते, तिचाच टू-स्ट्रोक इंजिन उपयोग करून घेते. पिस्टन वर जाताना हवा, पेट्रोल आणि तेल यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढले जाते आणि पिस्टन खाली येताना तिथूनच वर सिलिंडरमध्ये ढकलले जाते. रिंगांतून निसटलेला वायूही त्याच वाटेने परत वर जातो. म्हणून राजदूत, जुनी जावा, जुनी येझदी किंवा तुमची यामाहा, या सगळ्यांची क्रँककेस हवाबंदच असायला हवी. तिथे भोक पाडणे म्हणजे इंजिनाचा पंप फोडणे. या गाड्यांत काळजी घ्यायची ती क्रँकच्या ऑइल सीलची. एका बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत येऊन मिश्रण पातळ होते आणि इंजिन अतिशय तापते. गिअरबॉक्सच्या बाजूचे गेले तर गिअर ऑइल ओढले जाऊन सायलेन्सर पांढरा धूर सोडतो. गिअरबॉक्सला मात्र हवा जाण्याची स्वतःची छोटी वाट असते. ती मातीने बुजू देऊ नका.

प्रश्न : नव्या १२५ सीसी मोटारसायकलच्या एअर फिल्टरच्या डब्याखाली बूच लावलेली पारदर्शक नळी आहे. पावसाळ्यात तिच्यात दुधाळ, पिवळसर द्रव जमतो. हेड गॅस्केट गेले का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : गेले नाही. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात गॅस्केटमधून गळायला पाणीच नसते. हे पाणी पेट्रोलमधून येते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटरभर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जाते, थोडे रिंगांतून खाली निसटते. इंजिन पुरते गरम झाले की ही वाफ ब्रीदरवाटे निघून जाते. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या होत असतील, तर इंजिन गरम होण्याआधीच बंद होते. वाफेचे पाणी होते आणि तेलात घुसळून दुधाळ बनते. तेलाच्या झाकणाला आतून लागणारा पांढरट थरही हाच. दमट हवेत आणि पावसाळ्यात तो जास्त दिसतो.

आठवड्यातून एकदा सलग अर्धा तास गाडी चालवा आणि नळीचे बूच काढून द्रव रिकामा करा. हे बूच बहुतेकांना माहीतच नसते. नळी भरली की तेल डब्यात चढते, कागदी फिल्टर भिजतो, हवा अडते, गाडी काळा धूर सोडू लागते आणि दोष बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर किंवा इंजेक्टरवर येतो. द्रव दुधाळ नसून नुसते काळे तेल असेल आणि पुन्हा पुन्हा भरत असेल, तर आधी इंजिनातले तेल जास्त तर भरले नाही ना, ते पाहा. सर्व्हिसिंगच्या वेळी खुणेपेक्षा जास्त तेल भरले जाणे दुर्मीळ नाही.

तिन्ही प्रश्नांचा निचोड असा : ब्रीदरमधून काय बाहेर येते, यावरून इंजिनाची प्रकृती कळते, म्हणून ते तोंड बंद करू नका. आधी तेलाचे माप, मग रबरी झडप, मग पाइपाची वाट, आणि हे तिन्ही ठीक असूनही तेल येतच राहिले तरच रिंगा, या क्रमाने तपासा. साताऱ्याच्या वाचकांनी इंजिन उघडण्याआधी नवी झडप बसवून दोन महिने एवढेच करावे : थंड इंजिनाची पट्टी पाहून तेल भरणे सोडावे.